रविवारचा मेल

चौसाळा, २८ ऑगस्ट २०२५

प्रिय अदिबा,

फोन केला की तू "हो गं, बघते" म्हणतेस आणि विसरतेस, म्हणून हे लिहून पाठवतेय. आणि माझ्या स्वतःच्या मेलवरून पाठवतेय, मदत केंद्राच्या नाही, कारण तक्रार त्या मेलबद्दलच आहे.

आमचं केंद्र तुला ठाऊक आहे. ऊस तोडायला कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांची कामं आम्ही बघतो. कुणाचं रेशन, कुणाची शाळा, कुणाचा दवाखाना. गेल्या फेब्रुवारीत एकानं आमच्या सर्व्हरवर व्हायरस तपासायचं काहीतरी बसवून दिलं, आणि तेव्हापासून मेलला जणू बाधा झालीय. आम्ही मराठीत पाठवलं की समोरच्याला नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. बाहेरून आलेलं मराठी आम्हाला कोंबडीनं अंगण उकरल्यासारखं दिसतं. आणि दर रविवारी कुणा अनोळखी माणसाकडून एक मेल येतो, तो असा: à²®à²¾à²œà²‚. अशा ओळीच्या ओळी. मार्चअखेरीपासून एक रविवार चुकलेला नाही. कुणी करणी करत असेल तर एवढी नियमित करणी मी पाहिलेली नाही. तो तेवढा बंद करून दे.

मला खरं तर असल्या गोष्टींना वेळच नाही. अजिनाथ रोज येऊन केंद्राच्या बाकावर बसतो. त्याची आई चंद्रभागाबाई मार्चमध्ये हरवली, ते तुला सांगितलं होतं. कारखान्यावरून टोळी दोन ट्रकांनी परत निघाली. वाटेत कुठंतरी पाणी प्यायला ट्रक थांबले. पहिल्या ट्रकला वाटलं बाई मागच्यात बसली, मागच्याला वाटलं पुढच्यात. गावात उतरल्यावर कळलं की दोन्हीत नाही. पोलिसांत तक्रार झाली, अजिनाथ दोनदा जाऊन शोधून आला, हाती काही लागलं नाही. दसऱ्यानंतर टोळी पुन्हा निघेल. तो रोज एकच विचारतो, ताई, काय कळलं का? मी रोज नाही म्हणते.

तुझी,
वर्षाराणी


हैदराबाद, २९ ऑगस्ट

वर्षाराणी सरकार,

हुकूम मिळाला. आता बांदीचं ऐक.

तो रविवारचा मेल पुसू नकोस. कचरा दिसणं आणि प्रश्नचिन्हं दिसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रश्नचिन्ह आलं तिथं अक्षर गेलं, ते आता कुणाच्या बापाला परत आणता येत नाही. पण कचरा दिसतोय तिथं एकही अक्षर हरवलेलं नसतं. आपल्या लिपीतलं एकेक चिन्ह मशीन तीन-तीन आकड्यांत बांधून पाठवतं. पलीकडच्या मशीननं ते तीन एकत्र वाचायचे, तर ते सुटे-सुटे वाचतं आणि प्रत्येकाला एक विलायती अक्षर लावतं. आकडे तेच, जागा त्याच. फक्त वाचणाऱ्याचा चष्मा चुकीचा. मी रोज हेच काम करते, त्याचा पगार घेते, तरी चष्मा बदलल्यावर त्या घाणीतून अख्खं वाक्य उभं राहिलं की माझ्या अंगावर काटा येतो. एवढं तुडवलं जाऊन काही शाबूत राहतं, अशा गोष्टी जगात किती असतील?

आता खरी गंमत. मराठी मेल बिघडतो तेव्हा त्यात पुन्हापुन्हा à¤ दिसतं. तुझ्या रविवारच्या मेलमध्ये à² आहे. ती कन्नड लिपीची खूण आहे. कुणीतरी तुला कन्नडमध्ये लिहितंय, वर्षे, आणि पाच महिने लिहितंय.

मला मूळ मेल हवा. स्क्रीनचा फोटो काढून पाठवशील, तू तशीच आहेस. फोटोतून मला आकडे मिळत नाहीत. सर्व्हरचा पासवर्डही कळव.

चंद्रभागाबाईंसाठी दुआ करते. अब्बांनाही सांगितलंय. बीडच्या मंडईत फळं घेऊन कर्नाटकातले ट्रक येतात, त्यांच्या ड्रायव्हरांकडं अब्बा चौकशी करतात.

अदिबा


चौसाळा, २ सप्टेंबर

अदिबा,

फोटो काढलाच होता, पण पाठवला नाही. पासवर्ड वेगळा कळवते.

दुसरी गोष्ट तुला आवडणार नाही. मी कचरा रोज काढते, घरचाही आणि मेलचाही. मागचे सगळे रविवार मी टाकून दिलेत आणि टोपलीही रिकामी केलीय. परवाचा एवढा एकच शिल्लक आहे. जूनमध्ये वैतागून मी त्या माणसाला एक खरमरीत उत्तरही पाठवलं होतं, की कृपया असले मेल पाठवू नयेत. तरी पाठवतोच आहे. कर्नाटकातल्या एखाद्या बियाण्याच्या दुकानाची जाहिरात असेल. तू आपली हौस म्हणून बघ.

इकडं वेगळंच चाललंय. अजिनाथच्या भावकीनं ठरवलंय की येत्या पितृपंधरवड्यात अहेव नवमीला चंद्रभागाबाईचं पान वाढायचं. तुला ही रीत माहीत नसेल. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं त्या दिवशी करतात, तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालतात. नवमी पंधरा तारखेला आहे. अजिनाथ म्हणतो, एकदा पान वाढलं की आई मेली. मग तिला कुणी शोधणार नाही, पोलीसही नाही, मीही नाही. टोळीबरोबर निघून जाईन आणि संपलं.

मी त्याच्या वडलांशी भांडायला गेले होते. भगवानराव शांत माणूस. मी काय काय बोलले, त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, ती जित्ती असंल तर कुणी बी तिला भाकरतुकडा दिल. पर ती गेली असंल, आन म्या पान वाडलं न्हाई, तर तितं उपाशी बसंल की." मी चहा पिऊन परत आले.

वर्षा


हैदराबाद, ९ सप्टेंबर

वर्षे,

रोग सापडला. तुमच्याकडं आलेल्या प्रत्येक मेलच्या खाली तो तपासणीवाला प्रोग्राम "हा मेल तपासला आहे" अशी एक इंग्रजी ओळ चिकटवतो. ती चिकटवताना, आतला मजकूर कसा वाचायचा ते सांगणारी मेलवरची चिठ्ठीही बदलतो. आडतीत ज्वारीच्या पोत्याला कुणी हरभऱ्याची चिठ्ठी लावावी, तसं. आत ज्वारीच असते, पण चिठ्ठी बघून जो तो हरभरा म्हणत राहतो. तुम्ही पाठवलेल्या मेलच्या बाबतीत मात्र तो पोतंच ओततो आणि हरभरा नाही म्हणून दाणे फेकून देतो. ती तुमची प्रश्नचिन्हं. आता दोन्ही बंद केलंय. केंद्राच्या मेलवरून बिनधास्त मराठीत लिही.

रविवारचा मेल मी शनिवारी सोडवला. चिठ्ठी बदलली, आणि स्क्रीनभर कन्नड अक्षरं उभी राहिली, गोल, टपोरी, एकही तुटलेलं नाही. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी मी किती वेळ बघत बसले. आमच्या बंगळूरच्या ऑफिसात मूळचा म्हैसूरचा एक जण आहे, त्याला पाठवलं. त्याचं उत्तर आलं: अक्षरं आमची आहेत, भाषा नाही. असे शब्दच नाहीत. शेवटी नीलव्वा असं नाव आहे, तेवढं कन्नड.

मी हिरमुसले. आपणच कुठं चुकलो म्हणून तीन दिवस एकेक आकडा तपासला. चूक नाही. त्या पत्त्यावर इंग्रजीत विचारलं, तुम्ही कोण? उत्तर नाही. मग माझा अंदाज असा, की मशीननं उगाच अक्षरं जुळवून पाठवलेला जंक मेल आहे. तुझं म्हणणं खरं ठरलं, हौस फिटली. सोडवलेला मजकूर खाली जोडलाय, पाहिजे तर ठेव, नाहीतर टाक. आता टाकायला माझी हरकत नाही.

नवमीचं काय झालं? भगवानकाकांचं बोलणं डोक्यातून जात नाही.

अदिबा


चौसाळा, ११ सप्टेंबर, दुपार

अदिबा,

घाईत लिहितेय, चुका सांभाळून घे. आत्ता घडलंय ते जसंच्या तसं लिहिते.

आमच्या केंद्रात एक रीत आहे. आलेला कुठलाही कागद मोठ्यानं वाचल्याशिवाय ठेवायचा नाही. समोर बसलेल्यांतली निम्मी माणसं वाचत नाहीत, आणि आपल्यासमोर मुकाट्यानं वाचलेल्या कागदाचा त्यांना संशय येतो. माझा घसा दुखतो म्हणून हल्ली मी फोनलाच वाचायला लावते. आज सकाळी तुझा मेल उघडला. अजिनाथ बाकावर होता. बायनाबाई झाडत होती. ती आमच्याकडं झाडलोट करते, आधी वीस हंगाम तिनं ऊस तोडलाय, कामापुरतं कानडी बोलते. मी म्हटलं, काही नाही, कानडी जंक आहे, टाकतेय. बायनाबाई म्हणाली, "टाकायचं तर टाका. पर वाचू तर द्या त्याला. रीत हाय ना?"

म्हणून मी तो मजकूर फोनला वाचायला दिला. फोननं कानडी बाईचा आवाज लावला, रेल्वे स्टेशनवर गाड्या सांगतात तसा सपाट. आणि तो आवाज म्हणाला:

"माजं नाव चंद्रभागा. मालकाचं नाव भगवान. पोरगं अजिनाथ. चौसाळ्याच्या म्होरं आमची वस्ती हाय. पाय मोडलाता, आता काठीवर चालती. हितली भाकर पापडावाणी हाय, दातानं तुटत न्हाई. अजिनाथा, तांबडी शेळी इकू नगंस. ही पोरगी लई गुणाची हाय. तिला माजं येक अक्षर कळत न्हाई, तरी लिवतीया."

अदिबा, कन्नड अक्षरांत आमची बीडची बोली होती. तुझ्या म्हैसूरवाल्यानं ती डोळ्यांनी वाचली, म्हणून त्याला कळली नाही. आमच्या कानांवर पडली आणि आम्हाला कळली.

अजिनाथ उठून उभा राहिला आणि फोनलाच म्हणाला, "आई, कुठं हायस तू?" फोन पुढचं वाक्य वाचत राहिला. बायनाबाई झाडणं टाकून फोनपाशी आली. आम्ही तो मजकूर पुन्हा लावला, पुन्हा लावला. फोनचा च, ज वगैरेंचा उच्चार चुकतच होता, पण बोलणं तिचंच, खोकून थांबायची जागासुद्धा तिचीच, असं अजिनाथ म्हणतो.

मला अजून नीट सुचत नाही. लिहिणारीला कळत नव्हतं ती काय लिहितेय. सर्व्हरला कळत नव्हतं तो काय बिघडवतोय. तुला कळलं नाही, म्हैसूरवाल्याला कळलं नाही, आणि ज्या आवाजानं वाचलं त्यालाही कळलं नाही. मधल्या कुणालाच काही कळलं नाही, आणि तरी आई पोराला म्हणाली की शेळी विकू नकोस, आणि ते पोराला पोचलं. हे कसं झालं ते तू सांगशील, आकडे आणि चष्मा वगैरे. सांग. पण मला देवळात गेल्यासारखं वाटतंय.

एवढं कळूनही ती कुठं आहे ते मेलमध्ये नाही. तिलाच माहीत नसणार. आधीचे मेल मी टाकलेत. अदिबा, काहीतरी कर. सोमवारी नवमी आहे.

वर्षा


हैदराबाद, ११ सप्टेंबर, संध्याकाळ

वर्षे,

पहिल्यांदा कामाचं. तुमच्या सर्व्हरची दर आठवड्याला एक प्रत वेगळी ठेवली जाते. हे कुणी लावून ठेवलं त्याचं भलं होवो. तू टाकलेले सगळे रविवार त्या प्रतींत आहेत. मी ऑफिसातून सुट्टी टाकली आणि सगळ्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या. मार्चचा पहिला मेल खऱ्या कन्नडमध्ये आहे. म्हैसूरवाल्यानं तो या वेळी माझ्याशी फोनवर बोलत, मोठ्यानं वाचून सांगितला. मी त्याला आता तुमची रीत लावलीय.

नीलव्वा नावाची मुलगी हावेरीकडच्या एका आश्रमात मदतनीस आहे. मार्चमध्ये तिथं एक म्हातारी आणली गेली. चुकीच्या बसमध्ये बसून आलेली, रस्त्यात मोटारसायकल लागून पाय मोडलेला. तिची भाषा कुणाला कळेना. तिच्याजवळ एक कापडी पिशवी होती, तुमच्या केंद्राची. तिच्यावरचा फोन नंबर धुऊन गेलेला, मेलचा पत्ता तेवढा उरलेला. आश्रमाचं ऑफिस रविवारी रिकामं असतं, तेव्हा नीलव्वा तिथल्या कॉम्प्युटरवर बसून लिहायची. पहिल्या दोन-तीन मेलमध्ये तिनं सगळं कन्नडमध्ये समजावून सांगितलंय. उत्तर येईना, तेव्हा तिला वाटलं, यांना कन्नड येत नसेल. मग म्हातारी जे बोलते तेच, कानाला येईल तसं, लिहून पाठवू लागली. ज्याचं आहे त्याला कळेल, असं तिनं एका मेलमध्ये म्हटलंय. आश्रमाचा पत्ता खाली देते. नंबर लागत नाही, मी तासभर लावतेय. थांबू नका, निघा.

आता हे वाच. जूनमधल्या मेलमध्ये तिनं लिहिलंय: तुमचं उत्तर मिळालं, आनंद झाला. तुम्ही इतके प्रश्न विचारलेत, म्हणजे तुम्हाला आजींची काळजी आहे. मी दर आठवड्याला लिहीन. ते तुझं खरमरीत उत्तर, वर्षे. तिला ओळभर प्रश्नचिन्हं दिसली.

मी म्हणाले होते ना, प्रश्नचिन्ह आलं तिथं सगळं गेलं? मला माझ्या धंद्यातलं काही कळत नाही, असं आज वाटतंय. आणि मला तर पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. आमची दादी बीबीजान दखनीत बोलायची आणि मी तिची पत्रं तिच्या भावाला देवनागरीत लिहून द्यायचे, कारण उर्दू अक्षरं ना मला येत होती ना त्याला. एका घरची बोली दुसऱ्या घरच्या अक्षरांत बसून जाते, हे मी आठव्या वर्षी करत होते. आज दुपारपासून चंद्रभागाबाईंचं बोलणं फोनकडून ऐकत होते आणि रडत होते. आकडे सांगायची हिंमत नाही. मलाही तुझ्यासारखंच वाटतंय.

पोचल्यावर कळव.

अदिबा


चौसाळा, १६ सप्टेंबर

प्रिय अदिबा,

"भेटल्या" एवढंच कळवून मी तुला दोन दिवस टांगून ठेवलं. रागावू नकोस. आता सगळं लिहिते.

मी, अजिनाथ आणि बायनाबाई शनिवारी जीपनं पोचलो. चंद्रभागाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. अजिनाथला बघून उठल्या नाहीत, पाय होता ना तसा. नुसतं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून किती वेळ बघत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "वाळलास कावून?" मी बाहेर जाऊन उभी राहिले.

नीलव्वा रविवारी आली. अंगानं एवढीशी पोरगी. बायनाबाईनं तिला मोडक्यातोडक्या कानडीत सांगितलं, की तुझं एकूण एक अक्षर पोचलं. ती लाजली आणि तिनं विचारलं, आजी काय म्हणत होत्या मग? पाच महिने लिहीत होती आणि आजही तिला माहीत नव्हतं, अदिबा. बायनाबाईनं शेळीचं सांगितलं, पापडासारख्या भाकरीचं सांगितलं, आणि ही पोरगी गुणाची आहे तेही सांगितलं. ते ऐकून तिनं चंद्रभागाबाईंच्या मांडीवर डोकं ठेवलं. निघताना दोघी आपापल्या भाषेत एकदमच बोलत होत्या आणि कुणीच कुणाला थांबवत नव्हतं. कागदपत्रं संपायला संध्याकाळ झाली.

अजिनाथनं शनिवारीच घरी फोन लावला होता. त्याच्या बायकोनं, मंगलनं, तो भगवानरावांपुढं धरला. त्यांनी घेतला नाही. म्हणाले, फोनात आवाज असतो, माणूस नसतं. आवाज तर परवा मशीननंही काढला. मंगलनं विचारलं, मग सोमवारचं काय करायचं? ते म्हणाले, "सैपाक कर. आली तर खाईल. न्हाई आली तरी तिलाच पोचंल."

आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दारात माणसं जमलेली. आत पान वाढायला घेतलं होतं आणि सवाष्ण म्हणून शेजारची छबुबाई पाटावर बसली होती. काठी टेकत चंद्रभागाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. छबुबाईनं वर बघितलं आणि ती पाटावरून उठून भिंतीला टेकली. ज्यांनी हट्टानं दिवस ठरवला होता ती म्हातारी माणसं जमिनीकडं बघत होती. भगवानराव पानापाशी बसले होते, हातात भाताची मूद तशीच.

चंद्रभागाबाईंनी पानाकडं बघितलं. पुरण, वडे, खीर, सगळं होतं. मग नवऱ्याला विचारलं, "कुणाचं पान हाय?"

भगवानरावांनी हातातली मूद पानावर ठेवली.

"तुजंच हाय," ते म्हणाले.

त्या काठी भिंतीला लावून हळूहळू पाटावर बसल्या, पदर सारखा केला, आणि म्हणाल्या, "मंग वाडा की."

तुझी,
वर्षा